ठाण्याची लोकर

लग्नाच्या याद्या करावयास बसलेल्या कोणत्याही घरात एक ओळ हटकून लिहिली जाते: सुटाचे कापड, इतके नग. नवरदेवासाठी एक, हे तर ठरलेलेच. पण त्याखाली थोरले जावई, व्याही, मुलीचे मामा अशी नावे वाढत जातात. यांतील बहुतेक मंडळी वर्षाकाठी एकदाही सूट अंगात घालीत नाहीत. एखादे मामा तर जन्मभर धोतर नेसलेले किंवा पायजम्यात वावरलेले. तरीही कापड दिले जाते आणि घेतले जाते. ते कागदी खोक्यातून कपाटात जाते, आणि पुष्कळदा पुढच्या लग्नात दुसऱ्याच कोणाच्या हाती पडते. साड्यांची अशी भ्रमंती आपल्या चांगली परिचयाची आहे. कापडाच्या तुकड्यांचीही तीच गत असते. पुरुष मंडळी त्याची वाच्यता करीत नाहीत, एवढाच काय तो फरक.

घरात येणाऱ्या वस्तू कोठून येतात आणि त्यांच्यासाठी आपण मोजतो तो पैसा कोठे जातो, हे पाहण्याचा आपला या सदरातील नित्याचा रिवाज आहे. या खेपेस सुटाच्या कापडाकडे वळू या. ते करणाऱ्या कारखान्यांत ज्याचे नाव हिंदुस्थानभर, आसामपासून केरळापर्यंत, दुकानाच्या पाटीवर वाचावयास मिळते तो रेमंड. लोकरीच्या सुटाचे कापड करणाऱ्या जगातील मोठ्या उत्पादकांत त्याची गणना होते. नाव साहेबी वाटते खरे, पण कारखान्याचा जन्म आपल्या ठाण्यातला.

ही गिरणी १९२५ सालची. त्या काळी मुंबईत सुती गिरण्यांचे मोठे जाळे उभारणाऱ्या ई. डी. ससून या बगदादी ज्यू घराण्याच्या पेढीकडे ती होती आणि पेढीच्या संचालकांत रेमंड आडनावाचे जे गृहस्थ होते त्यांच्यावरून तिला ‘रेमंड वूलन मिल्स’ हे नाव मिळाले. तेथे सुटाचे तलम कापड वगैरे काही होत नसे. होत असत ती जाडीभरडी कांबळी आणि स्वस्त लोकरी कापड. १९४४ मध्ये कानपूरच्या सिंघानिया घराण्यातील लाला कैलाशपत यांनी गिरणी ताब्यात घेतली. या घराण्याच्या उद्योगांना ‘जे. के.’ म्हणतात, ती जुग्गीलाल आणि कमलापत या पितापुत्रांच्या नावांची आद्याक्षरे होत. कानपूरच्या माणसाला लोकरीची गिरणी नवी नव्हती. ‘लाल इमली’ म्हणून उत्तर हिंदुस्थानात घरोघरी ठाऊक असलेली गिरणी त्याच शहरात १८७६ पासून उभी होती. पुढे १९८१ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली आणि कालांतराने तिचे माग थांबले. एकाच मालाच्या दोन गिरण्यांचे नशीब इतके वेगळे का निघाले, याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. पण ठाण्याच्या गिरणीने जे केले ते पाहिले म्हणजे त्याचा काही अंदाज येतो.

पहिली अडचण हवेची. ठाणे म्हणजे खाडीकाठचे दमट गाव. मुंबईत लोकरीचे कपडे घालण्याइतकी थंडी वर्षातून किती दिवस पडते ते सांगावयास नको. दुसरी अडचण मालाची. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, आखूड आणि बहुधा काळी. तिची घोंगडी उत्तम होते. सणगरांनी विणलेली घोंगडी पाऊस, थंडी आणि काटेकुटे यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरून उरलेली आहे. पण त्या लोकरीचा कोट शिवून अंगात घालणाऱ्याची काय अवस्था होईल याची कल्पना घोंगडीवर उघड्या अंगाने निजलेल्यांना असेलच. तलम कापडासाठी मेरिनो मेंढीची लोकर लागते आणि ती मुख्यत्वे ऑस्ट्रेलियातून येते. म्हणजे मेंढरू दक्षिण गोलार्धात, माग ठाण्यात आणि नवरदेव कदाचित गोरखपुरात, असा हा व्यवहार आहे.

लोकरीचे कापड दोन जातींचे असते आणि त्यांतील भेद आपल्या भाषेत फार सोपा करून सांगता येतो. इंग्रजीत एकाला ‘वूलन’ व दुसऱ्याला ‘वर्स्टेड’ म्हणतात. भाषांतरकाराच्या टेबलावर हा दुसरा शब्द आला की कोश उघडावा लागतो आणि कोश ‘एक प्रकारचे लोकरी कापड’ एवढे सांगून गप्प बसतो. मूळ शब्द इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील वर्स्टेड नावाच्या खेड्यावरून आला; आपल्याकडे पैठण गावावरून पैठणी आली तसाच. पण क्रियेकडे पाहिले तर आपले दोन घरगुती शब्द पुरे पडतात: पिंजणे आणि विंचरणे. धुऊन मेणचटपणा काढलेली लोकर नुसती पिंजून कातली तर तंतू वेडेवाकडे राहतात, सूत फुगीर व मऊ येते आणि त्याचे कांबळे, शाल, जाड कोट होतात. तीच लोकर पिंजल्यावर विंचरली, म्हणजे आखूड तंतू फणीत काढून टाकले आणि लांब तंतू वेणी घालण्यापूर्वी केस सरळ करावेत तसे शेजारी शेजारी बसविले, तर सूत गुळगुळीत, बारीक आणि मजबूत येते. सुटाचे कापड ते हेच. विंचरलेल्या लोकरीचे कापड असे म्हटले तर कोणाही गृहिणीस ते चटकन कळेल. दुकानदार मात्र ‘वर्स्टेड’ म्हणूनच मागा म्हणेल.

या विंचरलेल्या लोकरीचा एक गुण असा की तिचे विरळ व हलके कापड विणता येते आणि ते उष्ण हवेतही सोसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. घाम येणाऱ्या देशात ही गोष्ट मोलाची. कांबळ्यांच्या गिरणीने कांबळी सोडून या कापडाचा मार्ग धरला, ही तिच्या वाटचालीतील पहिली शहाणपणाची गोष्ट होय.

दुसरी गोष्ट कृत्रिम धाग्याची. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये शोधून काढला. त्याला टेरिलीन हे नाव मिळाले आणि त्यातून टेरिकॉट, टेरिवूल अशी शब्दांची एक प्रजाच आपल्या बाजारात जन्माला आली. रेमंडने १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेरिलीन आणि लोकर यांच्या मिश्रणाचे कापड बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले टेरूल. आज हे नाव ऐकून हसू येईल. पण विजारीला सकाळी केलेली इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकते, कापड चुरगळत नाही, लवकर झिजत नाही, हा अनुभव लोकल गाडीत उभ्याने प्रवास करून कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला केवढा दिलासा देणारा होता ते त्याच्या घरच्यांनाच विचारावे. पूर्वी दोन विजारी आलटून पालटून धुवाव्या आणि इस्त्री कराव्या लागत. लोकरीचा सूट हा तोवर मोठ्या साहेबाचा वेष होता. तो मध्यम स्थितीच्या माणसाच्या आवाक्यात आला तो या मिश्रणामुळे.

तथापि माझ्या मते या कारखान्याचे खरे कर्तृत्व मागावर नसून दुकानात आहे. १९५८ साली मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये त्याने ‘किंग्ज कॉर्नर’ या नावाने स्वतःच्या कापडाचे पहिले दुकान उघडले. तोवर गिरणीचा संबंध घाऊक व्यापाऱ्यापाशी संपत असे. तेथून कापड आडत्याकडे, तेथून गल्लीतल्या पेढीवर; आणि तेथे गिऱ्हाईक पुढ्यात बसून भाव पाडू लागले म्हणजे कोणते कापड कोणत्या गिरणीचे हे पेढीवाला सांगेल ते खरे. लोकरीच्या बाबतीत ही फसगत अधिकच, कारण घोंगडीहून बारीक लोकर ओळखण्याची सवय आपल्या हातांना कधी लागलीच नाही. साडी पाहताना आपल्या भगिनी पदर उलटून, धागा चिमटीत धरून जी परीक्षा करतात तिच्या शतांशानेही परीक्षा पुरुष सुटाच्या कापडाची करू शकत नाहीत. अशा अडाणी गिऱ्हाइकाला ठरावीक भाव, कापडाच्या काठावर विणलेले गिरणीचे नाव आणि गिरणीचीच पाटी असलेले दुकान मिळाले, म्हणजे त्याने निर्धास्त व्हावे यात नवल नाही. आज अशी दुकाने हजाराहून अधिक आहेत. त्यांतील पुष्कळशी स्थानिक व्यापाऱ्यांनी कंपनीशी करार करून चालविलेली आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तर सोडाच, तालुक्याच्या गावीही ती आढळतात.

आता पुन्हा लग्नाच्या यादीकडे येऊ. युरोप-अमेरिकेत तयार कपड्यांनी कापडाच्या दुकानांना कधीच मागे सारले. आपल्याकडे सुटाचे कापड एवढा काळ तग धरून का राहिले? आपला शिंपी स्वस्त आहे, हे एक कारण सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु त्याहून मोठे कारण आहेर हे असावे असे मला वाटते. तयार कोट भेट द्यावयाचा तर घेणाऱ्याच्या छातीचे, खांद्याचे, बाहीचे माप हवे. व्याह्यांच्या पोटाचे माप कोणी कसे विचारावे? सव्वातीन मीटर कापड मात्र जाड्याला चालते, बारक्याला चालते, आणि ज्याला शिवावयाचेच नाही त्यालाही चालते. कापड ही मापाशिवाय देता येणारी वस्तू आहे. तीत मान आहे, किंमत उघड दिसते, नाव काठावर वाचता येते, आणि ती नासत नाही. साडी ज्या कारणाने आहेराची राणी झाली त्याच कारणाने सुटाचे कापड पुरुषांच्या आहेराचा राजा झाले. गिरण्यांनी हे ओळखले आणि तुकडे शोभिवंत खोक्यांत घालून विकावयास सुरुवात केली.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. ज्या आहेरावर एवढा मोठा व्यापार उभा आहे, त्याचा भार बहुतकरून वधूपित्याच्या शिरावर असतो. नवरदेवाचा सूट कोणत्या कापडाचा, यावरून बोलणी अडल्याची उदाहरणे ज्याला ठाऊक नाहीत असा गृहस्थ विरळा. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी झाली. मानपानाच्या कापडाला कायदा आडवा येत नाही, आणि आला तरी त्याला प्रेमाची भेट म्हणण्याची सोय आहे. दुकानातील माणूस ‘पाहुणे कोणते आहेत?’ असे विचारतो आणि त्या उत्तरावर कापडाचा भाव ठरतो. व्याह्यांसाठी एक प्रत, मामांसाठी त्याखालची, कारखान्यातल्या फोरमनसाठी तिसरी! हे असे दर्जे लावण्याचे काम गिरणीने आपल्यासाठी फार नीटनेटके करून ठेवले आहे. दोष तिचा म्हणता येणार नाही; यादी आपण केलेली असते. ज्या घरांनी परस्पर बोलून पुरुषांचा आहेर सरसकट बंद केला आहे, ती घरे मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडची लग्ने काही अडलेली नाहीत.

कापडाकडून तयार कपड्यांकडे रेमंड सावकाश वळला. तयार कपड्यांचा कारखाना ठाण्यात १९६८ मध्ये निघाला, पण तयार कपड्यांना खरे रूप आले ते १९८६ मध्ये ‘पार्क अव्हेन्यू’ या नावाने. तोवर तयार कपडे म्हणजे मुलांचे, नाहीतर रस्त्यावरच्या ढिगातले, अशी आपली समजूत होती. चांगल्या घरचा पुरुष मापाचेच कपडे घालणार. हळूहळू ही समजूत पालटली. आयत्या वेळी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाला शिंप्याकडे आठ दिवस हेलपाटे घालणे परवडेना. शिवणावळ वाढली, आणि चांगला कोट शिवणारा शिंपी मिळेनासा झाला.

कोट शिवणे ही सामान्य विद्या नव्हे. विजार कोणीही शिवील, सदरा शिवणारे गल्लोगल्ली सापडतील. कोटाच्या आत मात्र एक दुसराच कोट असतो. छातीला बाक येण्यासाठी आत कॅनव्हास घालतात आणि तो असंख्य बारीक टाक्यांनी हाताने पकडून ठेवतात. खांद्याची गोलाई, कॉलरची वळण, बाही खांद्याला जोडताना ज्यादा कापड सुरकुती न पडता मुरविणे, यासाठी वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली बसावे लागते. मग कच्च्या टाक्यांवर कोट अंगात घालून पाहावयाचा, खडूने खुणा करावयाच्या, उसवावयाचे आणि पुन्हा जोडावयाचे. कारखान्यात यातले पुष्कळसे काम डिंक लावलेले अस्तर गरम दाबाने चिकटवून होते. असा कोट स्वस्त पडतो, हलका असतो आणि दुकानात टांगलेला छान दिसतो. पण अस्तर निकृष्ट असेल तर काही वेळा धुलाई झाल्यावर छातीवर बुडबुडे येतात आणि त्यावर इलाज नाही. कंपनीने पुढे मापे घेऊन सूट शिवून देण्याची व्यवस्था काढली, शिंपीकाम शिकविण्याचे वर्गही काढले. कापड विकावयाचे तर शिवणारा जगला पाहिजे, हे ती जाणून आहे. तरी शिंप्याच्या मुलाने शिंपी व्हावे, असे आज किती शिंप्यांना वाटते? त्या धंद्यातील वडीलधारी माणसे जी उत्तरे देतात ती ऐकावयास बरी नसतात.

जाहिरातींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून रेमंडच्या जाहिरातींतील पुरुष कचेरीत हुकूम सोडताना दिसत नसे. तो तान्ह्या मुलाला घेऊन बसलेला असे, कधी जुन्या मास्तरांना भेटावयास गेलेला असे. पुरुषी वेष विकण्यासाठी पुरुषाचे मार्दव दाखवावे, ही युक्ती त्या वेळी नवी होती आणि मला ती मनापासून आवडली. त्या जाहिरातींतील घोषवाक्य ‘द कम्प्लीट मॅन’. याचे मराठी करून पाहावे. ‘परिपूर्ण पुरुष’ म्हटले की प्रभू रामचंद्र डोळ्यांपुढे येतात. ‘पुरा माणूस’ म्हटले की बाकीचे अर्धे ठरतात. काही शब्दांना आपल्या घरी आणून बसविता येत नाही, त्यांना ओसरीवरूनच निरोप द्यावा हे बरे.

मात्र जाहिरातीतील तो प्रेमळ गृहस्थ ज्या कापडाचा सूट घालीत असे ते कापड करणाऱ्यांचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ठाण्याच्या पोखरण रस्त्यावरील गिरणीचे आवार शंभराहून अधिक एकरांचे. त्याला जेकेग्राम म्हणतात. तेथे १९६९ मध्ये शाळा निघाली, आणि गिरणीच्या भोंग्यावर आसपासच्या वस्तीचा दिनक्रम चाले. पण शहर वाढत गेले तशी जमिनीची, पाण्याची आणि मजुरीची किंमत वाढत गेली. नवे माग कंपनीने दुसरीकडे बसविले: १९७९ मध्ये जळगावला, पुढे १९९१ मध्ये तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात, २००६ मध्ये वापीला. सौंसर मध्य प्रदेशात असले तरी नागपूरच्या वाटेवरचा तो मुलूख मराठी बोलणारा. तेव्हा मराठी हात कापडाला तेथेही लागलेच. यवतमाळला डेनिम आणि कोल्हापूरजवळ कागलला सदऱ्याचे सुती कापड, असा पसारा महाराष्ट्रात इतरत्रही वाढला. ठाण्याची मूळ गिरणी मात्र या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस थांबली. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या सुती गिरण्यांची जी वाताहत झाली तिच्याशी याची तुलना करू नये, कारण येथे उद्योग बुडाला नाही. तो स्थलांतरित झाला. पण चाळिशी ओलांडलेल्या विणकराला माग जळगावला गेला काय आणि बुडाला काय, दोन्ही सारखेच. मुलांच्या शाळा, घराचे हप्ते आणि म्हातारे आईबाप यांना घेऊन तो मागामागे जाऊ शकत नाही. ज्या जागी लोकर विंचरली जात होती त्या आवारात २०१९ पासून कंपनीने स्वतःच गृहनिर्माणाचा धंदा मांडला आहे आणि तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. जमिनीच्या भावाकडे पाहता हा हिशेब बरोबर आहे, हे मान्य करावे लागते. त्या इमारतींतील खोल्यांचे भाव गिरणीतल्या माणसाला परवडण्याजोगे आहेत काय, हा प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीत कोठेच येत नाही.

२०२० मध्ये साथ आली आणि लग्नसराया बुडाल्या. कचेऱ्या घरात आल्या, विजारीची इस्त्री कोणी पाहीनासे झाले. लग्नावर जगणाऱ्या या धंद्याला त्या वर्षी मोठा तोटा सोसावा लागला. मांडवात नवरदेवही आता सुटापेक्षा शेरवानी पसंत करू लागला आहे. तेव्हा कंपनीने शेरवानी, कुडते आणि बंडी यांची ‘एथ्निक्स’ या नावाची वेगळी दुकाने काढली. २०२४ साली कापड आणि कपडे यांचा सर्व धंदा मूळ कंपनीपासून तोडून ‘रेमंड लाइफस्टाइल’ या स्वतंत्र कंपनीकडे दिला गेला. कांबळ्यांची गिरणी शंभरीला येता येता अशी वाटली गेली.

आता कापड घेणाऱ्यांसाठी चार उपयोगी गोष्टी. काठावर किंवा चिठ्ठीवर कोणता धागा किती टक्के आहे हे आधी वाचावे. मोठ्या गिरणीचे नाव आहे म्हणून कापड लोकरीचेच असते असे नाही. त्याच नावाखाली पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज यांचे, लोकरीचा एकही तंतू नसलेले कापडही राजरोस विकले जाते. त्यात फसवणूक नाही, चिठ्ठीवर तसे लिहिलेले असते; वाचत नाही ते आपण. रोजच्या विजारीला ते ठीक आहे. लोकरीची किंमत मोजून ते घेऊ नये एवढेच. संशय असल्यास काठाचा एक धागा ओढून जाळावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मिश्रणात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात.

दुसरी गोष्ट त्या ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ अशा आकड्यांची. जुन्या काळी एक पौंड लोकरीतून पाचशे साठ यार्डांच्या किती लड्या सूत निघेल यावरून हा आकडा ठरे. शंभर लड्या म्हणजे छप्पन हजार यार्ड, जवळजवळ एक्कावन्न किलोमीटर सूत, एका पौंडात! आता तो तंतूच्या जाडीवरून ठरतो. सुपर १०० चा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनहून जाड नसावा, सुपर १२० चा १७.७५ हून, सुपर १५० चा १६.२५ हून, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. आकडा वाढला की कापड तलम होते, महाग होते. टिकाऊ होते असे मुळीच नाही. उलट फार तलम कापड बसून बसून लवकर चकाकू लागते आणि मांडीपाशी विरते. वर्षातून चार वेळा कोट घालणाऱ्या गृहस्थाने शंभर-सव्वाशेच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट निगेची. लोकरीचा कोट दर खेपेला धुलाईस टाकू नये. घालून आल्यावर ब्रशाने धूळ झाडावी, रुंद खांद्याच्या हँगरवर मोकळ्या हवेत एक रात्र टांगावा. चुण्या बहुधा आपोआप जातात. कसर लागते ती पतंगाच्या अळीने. तिला लोकरीतील प्रथिन आवडते, आणि त्यावर घाम किंवा श्रीखंडाचा डाग असला तर अधिकच. म्हणून ठेवणीत टाकण्यापूर्वी एकदा साफ करावा, सुती पिशवीत घालावा, प्लास्टिकच्या नव्हे. आणि पावसाळा सरला की ऊन दाखवावे.

कोट शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर पाठीच्या आणि बगलेच्या शिवणीत दोन बोटे कापड ज्यादा सोडावयास त्याला बजावून सांगावे. विजारीच्या मागच्या शिवणीतही तसेच. कारखान्याच्या कपड्यात हे कापड फारच बेताचे सोडलेले असते. दहा वर्षांनी पोट सुटले म्हणजे तीच दोन बोटे उपयोगी पडतात, आणि मुलाच्या कॉलेजातल्या पहिल्या समारंभाला बापाचा कोट लहान करून देता येतो.